वादीची तीन भोकं

हँडल पूर्ण डावीकडे वळलेलं होतं आणि गाडी सरळच चालली होती. राव्दनाने अंगाचा सगळा भार डावीकडे टाकला, तरी पुढच्या दोन्ही स्की कडक बर्फावरून नुसत्या घासत गेल्या आणि स्नोस्कूटर बर्चच्या झुडपांत घुसून कलंडली. तिने खालून पाय ओढून काढला, तोवर तीसेक रेनडिअर माद्या तिच्या डाव्या अंगाने माघारी पळाल्या होत्या. सगळ्या गाभण. व्यायला तीन आठवडे उरलेले.

त्यांना पुन्हा कळपात आणेपर्यंत दुपार झाली. मुक्कामावर ती मानेवरचा बर्फ पुसत होती, तेवढ्यात तिचा थोरला भाऊ इस्सात समोर येऊन उभा राहिला. कळपाच्या बाबतीत त्याचाच शब्द चालायचा.

"लागलं का?"

"नाही."

"मग ऐक. तुझ्या हातातला जोर गेलाय. पन्नाशी आली, त्यात लपवायचं काय? उद्या तू वहिनीबरोबर सामानाच्या गाडीवर ये. कळपाची डावी बाजू स्टेनार धरेल."

शेकोटीभोवती बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. वहिनी मांसाचं पातेलं ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "ये गं बाई. मला थर्मास धरायला कुणीतरी हवंच होतं."

दोघेतिघे हसले. स्टेनार हसला नाही. तो इस्सातचा जावई, किनाऱ्यावरचा मासेमार, कळपाबरोबर त्याचा हा तिसरा हिवाळा. गाडी चांगली चालवायचा, पण जनावर पळायच्या आधी कान कसे पाडतं हे त्याला अजून दिसत नव्हतं. ते पळालं की मग त्याला कळायचं. आणि उद्या गोठलेली नदी ओलांडायची होती. वळणावर डाव्या हाताचा बर्फ फुटून काळं पाणी वर आलं होतं. तिथे जी मादी डावीकडे फुटेल ती पाण्यात जाईल, आणि तिच्यामागे आणखी दहा. वडील गेल्यापासून एकोणीस वर्षं ती बाजू राव्दनाची होती.

राव्दनाने रागातच गाडी सुरू केली आणि कत्तलीच्या शेडमागे नेली.

आधी तिने स्कीचं टोक हाताने उचलून पाहिलं. ते फारच सहज वर आलं. तिथे मांस टांगायची तीन खांबांची तिकाटणी होती आणि तिला वजनकाटा लटकत होता. तिने काट्याचा आकडा स्कीच्या टोकाच्या कडीत अडकवला आणि स्की बर्फापासून सुटेल इतकीच वर ओढली. अठरा किलो. दुसरी स्की, सतरा. सीटचं झाकण उघडून तिने आतल्या बाजूला पाहिलं. शरद ऋतूत गाडी आपल्या वजनाला जुळवून घेतली तेव्हा तिने तिथे पेनाने लिहून ठेवलं होतं: एकतीस, एकतीस.

म्हणजे हात नव्हे. स्कीवर भारच नव्हता, तर त्या बर्फ धरणार कशा?

ती बर्फावर आडवी झाली आणि दिवा घेऊन गाडीखाली पाहू लागली. गाडीला मागून ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या सांगाड्याला पुढून आवरून धरणारी जाड वादी असते. ती आखडली की पट्ट्याचं पुढचं टोक वर ओढलं जातं आणि भार स्कीवर येतो. सैल सोडली की ते टोक खाली रेटतं, गाडीचं नाक वर येतं आणि स्की हलक्या होतात. राव्दनाची वादी दुसऱ्या भोकात असायची. आता ती शेवटच्या, पाचव्या भोकात होती. मधली स्प्रिंगही आवळलेली होती, तिनेही नाक वरच येतं. स्प्रिंगच्या कडीवर तिने पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता, तो अर्धा फेरा पुढे सरकून मागच्या बाजूला गेला होता.

फेब्रुवारीत तिची गाडी बारा दिवस इस्सातकडे होती. कुंपणाचे खांब आणि चारा ओढायला. मऊ, खोल बर्फात ओझं ओढायचं तर नाक वर हवं, तेव्हा असंच करतात. त्यात चूक काही नव्हती. आणि तो एकशेदहा किलोचा माणूस. वळणावर पुढे झुकला की त्याच्या वजनानेच स्की रुततात. राव्दना चोपन्न किलोची होती. तिच्याखाली त्याच स्की हवेत असल्यासारख्या. फेब्रुवारीपासून ती मऊ बर्फातच फिरली होती, कडक बर्फावर वेगात वळायची वेळ आजच आली.

ती तशीच पडून राहिली. बर्फ पाठीतून आत शिरत होता आणि डोकं तापत होतं. त्याने गाडी घेतली, बदलली, परत करताना टाकी भरून दिली आणि एक शब्द सांगितला नाही. वर चारचौघांत हातातला जोर गेला म्हणाला.

दोन्ही स्की पट्ट्याशी सरळ आहेत का ते तिने दोरी ताणून मोजलं. सरळ होत्या. मग स्कीखालच्या पोलादी कडांवरून बोट फिरवलं. त्या गुळगुळीत झाल्या होत्या. त्या नाताळातच बदलायला हव्या होत्या. नव्या कडा तेव्हापासून घरी पडून होत्या, आता सामानात होत्या. हे मात्र तिचं स्वतःचं काम होतं. तेही तिने रागाच्या हिशेबात धरलं, आणि त्याने राग जराही कमी झाला नाही.

वादीचा गोठलेला बोल्ट सुटायला अर्धा तास लागला. तीन भोकं मागे. स्प्रिंग ठिपका पुन्हा समोर येईपर्यंत सैल. नव्या कडा. काटा लावला. एकतीस, तीस.

ती टणक बर्फावर गेली आणि वेगात हँडल डावीकडे वळवलं. गाडी जागेवर वळली, इतकी की तिलाच सावरून बसावं लागलं.

परत आली तेव्हा इस्सात कुऱ्हाडीने हाड फोडत होता.

"दादा, वादी तू सोडलीस."

"कुठली वादी?"

"माझ्या गाडीची. पाचव्या भोकात होती."

"असेल. खांब ओढायचे होते. नाक रुतत होतं सारखं."

"मला सांगितलं नाहीस."

"अगं, पाना घेऊन दहा मिनिटांचं काम. त्यात काय सांगायचं?"

"आणि माझे हात गेले म्हणालास, ते?"

"ते वेगळं." त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. "स्टेनारला सांगून झालंय. आता बदललं की लोक म्हणतील, याचा शब्द म्हणजे वाऱ्यावरची वरात."

स्टेनार पलीकडे दोर गुंडाळत होता. "आत्या, मला विचाराल तर मी बोटीतला माणूस," तो म्हणाला. "त्या वळणाची मला भीतीच वाटते."

"तुला कुणी विचारलंय?" इस्सात म्हणाला.

पहाटे बर्फ टणक होता तेव्हाच कळप उठवला. राव्दना कुणाला न विचारता डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. इस्सात गाडी घेऊन आला आणि तिच्यासमोर आडवी घातली.

"मागे जा."

"जाते. आधी सगळ्यांसमोर सांग, गाडी कुणी बदलली होती ते. सांग, मग मी थर्मास धरते."

त्याच्या मागे चार गाड्या उभ्या होत्या, इंजिनं बंद. सगळे ऐकत होते. इस्सातचा चेहरा लाल झाला. तो गाडी वळवून कळपाच्या पुढे निघून गेला.

नदीच्या वळणावर पुढच्या माद्यांना पाण्याचा वास लागला. एका काळसर मादीने कान पाडले. राव्दना तेव्हाच सुटली होती. काळ्या पाण्यापासून वीस हातांवर तिने हँडल वळवलं, कडांनी बर्फ कापला, आणि मादीच्या छातीसमोर गाडी आली. मादी थबकली, उजवीकडे फिरली, आणि मागच्या तिच्यामागे फिरल्या. असं तीनदा झालं. एकही पाण्यात गेली नाही.

पलीकडच्या काठावर चहा झाला. इस्सात स्टेनारशेजारी बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुणाची गाडी घेतलीस ना, तर परत देताना जशी होती तशी करून द्यावी. ध्यानात ठेव."

राव्दनाने पेला खाली ठेवला. "त्याला नको शिकवूस, दादा. मला सांग."

वहिनीने ओतता ओतता थर्मास खाली ठेवला.

"मी सोडली होती वादी," इस्सात जमिनीकडे बघत म्हणाला. "विसरलो. काल तू गाडीसकट पडलीस, तेव्हाही आठवलं नाही."

"तेव्हा तुला माझे हात आठवले."

"हो."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की बरं वाटेल. वाटलं नाही.

"दुसरी नदी परवा आहे," ती म्हणाली. "डावी बाजू मी धरणार."

"धर."

"आणि गाडी हवी असेल तर मागायला ये. मी देईन की नाही, ते तेव्हा सांगेन."

ती उठली आणि स्कीखाली चिकटलेला बर्फ लाथेने पाडू लागली. एका लाथेत पडला असता, तरी तिने चारदा लाथ घातली.