सारखी टोकं

"धरली! गाठ धरली, काका!" मॉडेल-विमानांच्या क्लबचा सेक्रेटरी मैदानातूनच ओरडला.

विमान वर घिरट्या घालत होतं. घड्याळजी मान उंच करून बघत होते. मागे त्यांची बायको रिकामं खोकं घेऊन उभी होती.

हाताला कंप सुटल्यावर त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. उरली ती ही रबराच्या पिळावर उडणारी विमानं. पण तिथंही रबराची टोकं जोडणारी गाठ दगा देऊ लागली. पीळ भरताना ती सुटली, की आतलं रबर चाबकासारखं फिरायचं आणि कागद-काड्यांच्या नाजूक सांगाड्याच्या चिंध्या व्हायच्या. दुसरं विमान असं फाटलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"मी बांधून बघू का?" बायकोने विचारलं होतं.

"तुला काय कळतंय त्यातलं? तू आपली भाजी चीर."

तिला कळत होतं. जन्मभर समोर बसून तिने तेच पाहिलं होतं. टोकं थुंकीने ओली करायची, गाठ ताणून आवळायची, वरून दोरा गुंडाळायचा, आणि मगच रबराला तेल लावायचं. ते आंघोळीला गेले, की ती त्यांची गाठ सोडून आपली बांधून ठेवायची.

विमान अलगद गवतात उतरलं. टाळ्या झाल्या. घड्याळजींनी रबर काढून डोळ्यांजवळ नेलं. गाठीची दोन्ही टोकं अगदी सारखी कापलेली होती; त्यांच्या हातून ती आता वेडीवाकडीच कापली जायची.

"कधीपासून चाललंय हे?"

"अहो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"कधीपासून?"

तेवढ्यात सेक्रेटरी धावत आला. "काका, तुमच्या हाताला तोड नाही बघा!"

घड्याळजींनी हात खिशात घातले. "गाठ हिची आहे."

"वा! काकूंशिवाय तुमचं पान हलत नाही, ते माहितेय आम्हाला," म्हणत तो मोठ्याने हसला.

घरी आल्यावर त्यांनी रबराची गुंडाळी, दोरा, कात्री, तेलाची बाटली तिच्यासमोर ठेवली.

"घे. यापुढे तूच बांध, तूच उडव."

"मला नुसती गाठ येते हो. उडवायला कुठं येतंय?"

ते आतल्या खोलीत गेले. दार लोटलं. मग कडीचा आवाज येत राहिला. कडी लागत नव्हती. लोखंडावर लोखंड नुसतं खडखडत होतं. ती अर्धवट उठली, आणि पुन्हा खाली बसली.