चावी बंद, सगळं बंद

वस्तादांची मोटारसायकल विकायचं घरात ठरलं, तेव्हा वस्ताद अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, एकाच हातातली गाडी आहे. रविवारी येऊन बघा." टॉवेल खांद्यावर टाकून वस्ताद तिथेच उभे राहिले. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. एकाच हातातली गाडी कुणाची, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

मुलाचं तरी काय चुकलं म्हणा. महिन्यापूर्वी वस्ताद सकाळी क्लचची केबल आणायला म्हणून निघाले, ते दुपार टळल्यावर गाडी ढकलत घरी आले. "पेट्रोल संपलं," एवढंच म्हणाले. पेट्रोल संपलं होतं हे खरंच, पण का संपलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या चौकातून हजार वेळा गेले, त्याच चौकात चारही रस्ते त्यांना अनोळखी वाटले होते. मग टाकी कोरडी होईपर्यंत ते फिरत राहिले. जन्मभर दुसऱ्यांना रस्ता सांगणाऱ्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मुलाच्या गळी मात्र पेट्रोलची गोष्ट उतरली नाही. टाकी न बघता घराबाहेर पडणारा हा माणूस नव्हे, हे तो लहानपणापासून बघत आला होता.

"वय झालं, बाबा," मुलगा म्हणाला. "उद्या काही झालं तर आम्ही शोधायचं कुठे?"

"मी काय चिल्लर आहे, खिशातून पडून हरवायला?"

मध्ये पडली ती सून. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची, त्यामुळे माणूस 'काही दुखत नाही' म्हणाला की आधी आत काय आहे ते बघावं, असा तिचा स्वभाव झाला होता. "शोधायचं कुठे, एवढाच प्रश्न आहे ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग गाडीला जीपीएस ट्रॅकर लावू. गाडी कुठे आहे ते फोनवर दिसेल. महिनाभर बघू या. नाहीच जमलं तर विका."

मुलाने गिऱ्हाइकाला महिनाभर थांबायला सांगितलं. नाही म्हटलं नाही, फक्त थांबायला सांगितलं, हे वस्तादांनी बरोबर ऐकलं.

ट्रॅकर घ्यायला सासरा आणि सून दोघं गेली. दुकानदाराने काचेवर तीन डब्या मांडल्या. पहिली लोहचुंबकाची, मडगार्डखाली चिकटवायची, आठवड्याला काढून चार्ज करायची. "पहिल्या खड्ड्यात गाडी पुढे आणि डबी मागे," वस्ताद म्हणाले. दुसरी वायरवाली, आत स्वतःची छोटी बॅटरी, शिवाय घरबसल्या इंजिन बंद करायची सोय. ती ऐकून वस्तादांचा पारा चढला. "माझं इंजिन दुसरा कोण बंद करणार? आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूच्या पोटात आणखी बॅटरी कशाला? फुगते ती उन्हात."

"आजोबा, ती असलेली बरी," दुकानदार म्हणाला. "गाडीचा करंट तुटला तरी—"

"माझ्या गाडीचा करंट तुटत नाही."

सुनेने दुकानदाराकडे बघून मान हलवली. इथे डोकं फोडण्यात अर्थ नाही, असं तिला म्हणायचं होतं. तिसरी डबी घेतली. काडेपेटीएवढी, साधी, आत बॅटरी नसलेली, दोन वायरींची, पाणी न शिरणारी. दुकानदार बसवून द्यायला तयार होता, पण वस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांचे दात घासून द्यायची तयारी दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात सीट उघडली. हल्ली वस्तादांचे हात कप धरताना थरथरत, पण पकड हातात आली की शहाण्या पोरासारखे गप्प बसत. डबी सीटखाली अशी बसवली, की वर पत्रा येणार नाही. आकाश दिसलं नाही तर तिला जागा कळत नाही, एवढं सुनेने डबीसोबतच्या माहितीपत्रकातून त्यांना वाचून दाखवलं होतं. पुढचं वाचायला ती चष्मा पुसत होती, तेवढ्यात वस्ताद म्हणाले, "राहू दे गं. वायर म्हणजे वायर. तिला काय पोथी लागते?"

काळी वायर चेसिसला गेली. लाल वायरीपाशी त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. गॅरेजच्या भिंतीवर त्यांच्याच हाताने लाल रंगात लिहिलं होतं, 'चावी बंद, सगळं बंद.' फार पूर्वी एका गिऱ्हाइकाने थेट बॅटरीवरून हॉर्न घेतला होता आणि उभ्या उभ्या गाडी जळाली होती. तेव्हापासून या गॅरेजात कुठलीही नवी वस्तू चावीच्या पुढच्या, चावी फिरवली तरच करंट येणाऱ्या वायरीवरच जोडायची, हा कायदा. लाल वायर तिथेच गेली. जोडावर कथलाचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी चढवली. चावी फिरवली, डबीवरचा दिवा हिरवा झाला आणि सुनेच्या फोनवर गॅरेजच्या जागी हिरवा ठिपका उमटला.

"बाबा, दिसलात!" सून टाळी वाजवून म्हणाली. वस्तादांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत लपवलं.

गाडी घरी लावली की ठिपका करडा व्हायचा. "झोपते वाटतं," सून म्हणाली. "झोपू दे बिचारीला," वस्ताद म्हणाले. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सुनेने फक्त एक अट घातली होती. रस्ता कळेनासा झाला, तर फिरत बसायचं नाही. गाडी बाजूला लावायची आणि थांबायचं. "ठिपका जिथे थांबेल तिथे मी येते. फिरत राहिलात तर मी तुमच्या मागे किती धावू?" रस्ता कळेनासा झाला तर, असं ती सरळ म्हणाली, तेव्हा वस्तादांनी मान वर केली नाही. हिला एक्स-रेत दिसलं की काय, असं त्यांना वाटलं.

तीन आठवडे दृष्ट लागावी असे गेले. चौथ्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा कार्बोरेटर साफ करून त्याच्या घरी पोचवायचा होता. तो पोचवला, चहा झाला, आणि परत येताना पुन्हा तेच झालं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि समोरचा रस्ता कुठे जातो हेच वस्तादांना आठवेना. खिसे चाचपले, फोन घरी चार्जिंगला लावलेला. पण अट आठवली. त्यांनी गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि थांबले.

"आजोबा, इथे नका लावू, बस वळते," शेजारच्या इमारतीचा पहारेकरी म्हणाला. पन्नास पावलांसाठी इंजिन चालू करणाऱ्यांना वस्ताद आळशी म्हणत. त्यांनी गाडी ढकलत नेली. पहिल्या गल्लीत सावली नव्हती, दुसरीत होती. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले.

अर्धा तास गेला. तास गेला. सावली गाडीवरून सरकून भिंतीवर गेली. सून येईल, ती शब्दाची पक्की आहे. मग का येत नाही? कंटाळली असेल. म्हाताऱ्याला किती दिवस शोधायचं, असं त्या दोघांनी ठरवलं असेल. गाडीसारखंच आपणही आता एखाद्या रविवारी कुणीतरी घेऊन जायची वाट बघायची. वस्तादांचे डोळे भरून आले, आणि रस्त्यावर बसून रडतो म्हणून स्वतःचाच राग आला.

रागाने त्यांचं भलं केलं. राग आला की त्यांचं डोकं कामाला लागे. गाडी बोलत नसेल तर आधी करंट बघायचा, हे त्यांनी किती जणांना शिकवलं होतं. त्यांनी सीट उघडली. डबीवरचा दिवा विझलेला. लाल वायरीवरून बोट फिरवत ते मागे मागे गेले, आणि बोट चावीच्या वायरीवर येऊन थांबलं.

"गाढव," ते मोठ्याने म्हणाले. चावी बंद, सगळं बंद. डबीसुद्धा. चौकात चावी काढली तिथेच त्यांनी स्वतःला पुसून टाकलं होतं, आणि वर गाडी ढकलून दोन गल्ल्या पुढे आणली होती.

त्यांनी चावी लावून फिरवली. दिवा लाल झाला, लुकलुकला, हिरवा झाला. इंजिन बंद आणि चावी चालू, हे पाप त्यांच्या हाताला सोसवेना. हात दोनदा चावीकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला.

पाचच मिनिटांत सुनेची स्कूटर गल्लीत शिरली. ती उतरली ती थेट ओरडायलाच लागली. "तासभर त्या चौकात उभी आहे मी! ठिपका तिथेच संपलेला आणि तुम्ही नाही! पहारेकरी बदललेला, कुणी सांगेना! दोन दवाखान्यांत फोन केले मी, बाबा!" आणि मग ती शेजारी पायरीवर बसली नि रडायला लागली.

वस्तादांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "पोरी, त्या दिवशी पेट्रोल संपलं म्हणून उशीर झाला नव्हता. रस्ता आठवेना म्हणून पेट्रोल संपलं."

"माहीत आहे मला," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्ही सांगायची वाट बघत होते."

"आणि आज रस्ता विसरलो, वर वायरही चुकीची जोडली."

"पण चूक शोधली कुणी?"

वस्तादांनी हत्यारांची पिशवी काढली. नळी कापली, लाल वायर चावीपासून सोडवली, मध्ये फ्यूज घातला आणि ती थेट बॅटरीला जोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग चावी काढून सुनेच्या हातात दिली. दिवा हिरवाच राहिला.

"बॅटरी बसली तर?" तिने विचारलं.

"बसू दे. किक आहे."

घरी जाताना स्कूटर पुढे आणि वस्ताद मागे. संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा सुनेने तोंड उघडायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं. पेट्रोल, चौक, वायर, पायरीवरचं रडणंसुद्धा. उद्या डॉक्टरकडे येतो म्हणाले, एकट्याने फक्त गॅरेजपर्यंतच जाईन म्हणाले, फोन खिशात ठेवीन म्हणाले. बापाने आपणहून इतकं कबूल केलेलं मुलाने कधी ऐकलं नव्हतं. त्याने बायकोचा फोन हातात घेतला. अंगणात गाडी उभी होती, चावी खिळ्याला लटकत होती, आणि नकाशावर घराच्या जागी ठिपका हिरवागार होता.

"गाडी बंद आहे, तरी तुम्ही दिसताय, बाबा."

"आता दिसत राहीन," वस्ताद म्हणाले.

मुलाने आपला फोन काढला आणि त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, की गाडी विकायची नाही.