बिनचमकीचं देवघर

भगवानराव काकांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की नव्या घराच्या देवघरातल्या फरशीला आरशासारखं पॉलिश घेऊ नका. खामगावला माझं इंटिरियरचं ऑफिस आहे. लोक माझं मत पैसे देऊन घेतात, त्यामुळे ते मी पुटपुटत देत नाही. पिंपळगाव राजाला काकांच्या जुन्या घरी जाऊन मी त्यांच्यापुढे एकाच पांढऱ्या संगमरवराचे दोन तुकडे ठेवले. एक चकचकीत, तोंड दिसेल असा. दुसरा होन केलेला, म्हणजे घासून सपाट, हाताला मऊ, पण चमक यायच्या आधीच थांबवलेला.

"लिंबू, चिंच, दही, आंबट काहीबी पडलं की संगमरवराची चमक मरते, काका," मी म्हटलं. "ज्याले चमकच नाही, त्याचं काय मरणार?"

"चमकत नाही त त्याले संगमरवर काऊन म्हनाचं?" काका म्हणाले. "मंग आपली शहाबादी फरशी काय वाईट होती? सारं गाव पाहाले येईन, पोरी. तोंड दिसलं पाह्यजे त्यात."

मी पुष्कळ भांडले. कोकिळाकाकू मधेच चहा घेऊन आल्या, तुकड्यांकडे एकदा पाहिलं आणि कप ठेवून आत गेल्या. शेवटी घर काकांचं, म्हणून मी हात टेकले. हॉल, देवघर, सगळीकडे आरसा बसला. दिसायला झकास दिसत होता, हे मला कबूल करावं लागलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. एरवी त्या मला कधी फोन करत नाहीत.

"पोरी, जरा येतं का? तुह्या काकाले सांगू नको."

मी पोचले तेव्हा काका मंडपवाल्याकडे गेले होते. काकूंनी मला हाताला धरून देवघरात नेलं. दुसऱ्या दिवशी देव बसणार, म्हणून त्यांनी पहाटेच समया, तांब्ये, घंगाळ, परात असं सगळं पितळ नव्या फरशीवर मांडून चिंचेनं घासलं होतं. आयुष्यभर शहाबादीवर असंच घासत आल्या, तशाच इथंही बसल्या. पितळ लखलखीत निघालं होतं. पण जिथं जिथं चिंचेचं पाणी साचलं, तिथं तिथं फरशीची चमक उडून मळकट पांढरे गोल उमटले होते.

"कितीबी पुसलं त जाऊनच नाही राह्यलं," काकू म्हणाल्या. डोळे रडून सुजले होते. "उद्या चारचौघात म्हनतीन, हिले चांगल्या घरात राहाची अक्कल नाही. मले त आतापासूनच या घरात पाय ठेवाची भीती वाटून राह्यली. आपल्याच घरात पाहुनी होऊन राहू का मी?"

मला राग आला. कोणाचा ते लगेच कळेना, पण चिंचेचा तर नक्कीच नव्हता.

"काकू, हे डाग नाहीत," मी म्हटलं. "वरची चमक जळाली हाये, ते पुसून जात नाही. दोन रस्ते हायेत. पॉलिशवाले निवृत्तीभाऊ बाहेर ओट्याचं काम करून राह्यले. ते मशीन फिरवून संध्याकाळपर्यंत पहिल्यासारखी चमक आणतीन. काकाले कळणारबी नाही. पण मंग भांडे मागं मोरीत नेऊन घासा लागतीन, अन् पूजेत पंचामृत सांडलं की पुन्हा हेच."

"अन् दुसरा?"

"साऱ्या देवघराचीच चमक उतरवू. चिंच तिथंबी आपलं काम करते, पण असे गोल डोळ्यात भरत नाहीत. बसा, घासा, सांडा. फक्त हे काकाले दिसन."

काकूंनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

"तू मले इचारून राह्यली का?"

"हाव."

"या घरातलं मले आजवर कोनं काही इचारलंच नाही."

काकूंनी एक समई उचलून भिंतीशी ठेवली, मग दुसरी. फरशी मोकळी झाल्यावर म्हणाल्या, "उतरव."

निवृत्तीभाऊंनी मशीन लावलं. आवाजानं घर दणाणलं, दगडाच्या भुकटीचा पांढरा रगडा उंबऱ्यापर्यंत आला. अर्ध्याहून जास्त देवघर झालं असेल, तेवढ्यात काका दारात उभे. निवृत्तीभाऊंनी मशीन बंद केलं. माझ्याकडे थाप तयार होती: फरशीचा लॉट खराब निघाला, दुकानदाराशी मी बोलते. थापा मला बऱ्या जमतात, धंद्यात लागतात.

पण काकूच पुढे झाल्या. "म्या चिंचीनं भांडे घासले. चमक गेली. म्हनून म्याच सारी काढाले लावली."

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मले सांगाचं त होतं," काका म्हणाले.

"तुमी इचारलं असतं त सांगतलं असतं. देवाचे भांडे कोन घासते, कुठं बसून घासते, हे का तुमाले माहीत नव्हतं?"

काकांनी चपला काढल्या. ओल्या फरशीवर एक पाय ठेवला आणि घासून पाहिला. मला वाटलं, आता भडकतात. मनात मी वाद घालायला कंबर कसली होती. पण ते वळले आणि हॉलकडे बघत राहिले. तिथल्या फरशीत अख्खं छत दिसत होतं.

"अन् हॉलचं काय कराचं?"

मी तोंड उघडलं. हॉलबद्दल माझं मत पक्कं होतं, आणि त्या दिवशी ते मी फुकट देणार होते. काकांनी हात वर केला.

"तू थांब वं. हिले इचारून राह्यलो."

काकूंनी पदराला हात पुसले. हॉलच्या दारापर्यंत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी फरशी नीट पाहिली. घाई केली नाही.

"राहू द्या चमकत," त्या म्हणाल्या. "तिथं तुमीच बसता. मंग पुसाचीबी तुमीच."

"हाव," काका म्हणाले.