तिकडून कट करून आणा

मी ‘कट’ बोलतोय. हो, तोच. सी, यू, टी. पाचवीच्या पुस्तकातला, तीन अक्षरांचा. कारस्थानाला तुम्ही कट म्हणता तो मराठी शब्द वेगळा, त्याची माझी ओळखदेख नाही. मी इंग्रजी क्रियापद. आज जरा रागातच बोलणार आहे. कोणाला लागलं तर लागू द्या.

माझा जन्म दूरदेशीचा. कुऱ्हाड, सुरी, कात्री यांच्या धारेवर मी वाढलो. कोणी भाकर तोडो, कापड फाडो की लाकूड चिरो, मला वापरणाऱ्याच्या हातात काहीतरी असायचं आणि तो माणूस समोर उभा दिसायचा.

एटापल्लीकडच्या या जंगलात मी गोऱ्या साहेबांबरोबर आलो. सागाच्या बुंध्यावर हातोडीचा शिक्का बसायचा, साहेब माझं नाव घ्यायचा आणि दोन दिवसांनी झाड आडवं. वाईट काम होतं, पण कोणी सांगितलं ते सगळ्या गावाला माहीत असायचं. साहेब गेले. मी इथंच राहिलो.

मग तुम्ही मला कशाकशाला जुंपलं! वारा सुटला की लाईन कट. झाडाआड गेलं की फोन कट. शिंप्याकडे ब्लाऊजचा कट, न्हाव्याकडे कटिंग, टपरीवर अर्धा कप चहा तोही कटिंग. तलावाच्या पाळीवरून गेलं तर शॉर्टकट. पोरं मोटारसायकल म्हाताऱ्याच्या धोतराला घासून नेतात, त्याला म्हणे कट मारला. याची माझी तक्रार नाही. राबणाऱ्याला राबण्याचं काय?

राग आहे तो कुंताच्या गोष्टीचा.

कुंता ही एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावची पोर. तिची माझी खरी ओळख सातवीच्या वर्गात झाली. गुरुजी क्रियापदांची तीन-तीन रूपं पाठ करून घेत होते. गो, वेंट, गॉन म्हणताना ती रडकुंडीला आली. मग माझी पाळी आली. कट, कट, कट. ती एकदम हसली आणि म्हणाली, “हा बरा हाय गुरुजी. हा बदलत नाई.” सगळा वर्ग हसला. मला मात्र ती पोर आवडली. सातवीनंतर शाळा सुटली, पण मी तिच्या लक्षात राहिलो.

लग्न झालं मिथुनशी. त्याचं गाव तलावाकाठी, घरात दोन जाळी आणि थोडं धान. लग्नात परातीत तांदूळ पसरले आणि मिथुननं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहिलं, रीता. नाव बदलायचा हुकूम सासूचा, शकुबाईचा. कारण असं, की शकुबाईच्या मेलेल्या सासूचं नावही कुंताच होतं. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही तिकडची रीत. चाळीस वर्षं ते नाव शकुबाईच्या ओठावर आलं नव्हतं. ती म्हणायची, “म्हातारीच्या नावानं हाक मारून सुनेले भांडे घासायले कशी सांगू मी?”

तांदूळ त्याच दिवशी शिजले, खाऊन झाले. नाव मात्र राहिलं. मी इंग्रज, मला कोणी बदललं नाही. जिला मी त्यासाठी आवडलो होतो, ती एका दुपारीत बदलली.

लग्नानंतर भावानं बापाच्या राशनकार्डावरून कुंताचं नाव कट करून घेतलं. काम दोन मिनिटांचं. तसा दाखला आला, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत गेला. आता सासरच्या कार्डावर नाव चढवायचं होतं. मिथुन म्हणाला, “करू ना, धान निघू दे.” धान चारदा निघालं.

म्हणजे चार वर्षं कुंता माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती. जेवत होती, राबत होती, तिला पोर झाली, दिव्यानी. पण कागदाला विचाराल तर ही बाई कुठंच नाही.

या थंडीत अंगणवाडीत डॉक्टर आले. सगळ्या लेकरांच्या छातीला नळी लावली. दिव्यानी तीन वर्षांची, दोन घरं धावली की मांडी घालून बसायची. घरचे म्हणायचे, आळशी आहे. डॉक्टरीणबाईनं तिच्या छातीवरची नळी बराच वेळ उचलली नाही. पुढं मोठ्या दवाखान्यात फोटो निघाला. पोरीच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशन फुकट होईल, सत्तावीस तारीख धरा, पण राशनकार्डावर पोरीचं नाव पाहिजे, असं सांगितलं. पोरीचं नाव चढवायला आधी आईचं.

हातात वीस दिवस होते.

कुंता तालुक्याच्या ऑफिसात गेली. तिथं गुणवंतराव बाबू. त्यानं मान वर न करता म्हटलं, “माहेरून नाव कट करून आणा.” तिनं दाखला पुढं केला.

“हा कुंताचा हाय. आधार अन् अर्ज रीताचा. हे कुंता कोण?”

“मीच हावो भाऊ.”

“मंग रीता कोण?”

“ते बी मीच.”

“एका खुर्चीत दोन बाया बसून राह्यल्या का?” बाबू म्हणाला. लाईनमधले सगळे हसले. कुंताही थोडी हसली, बाबू रागावू नये म्हणून. ते हसणं मी विसरणार नाही.

“रीताचं नाव कट केल्याचा दाखला आणा,” बाबूनं सांगितलं.

ती दोन बस बदलून, पोरीला मांडीवर घेऊन, माहेरच्या ऑफिसात गेली. तिथला माणूस बरा होता, पण म्हणाला, “रीता नावाची बाई इथी कधी होतीच नाई. मी कट कोणाले करू?”

परतीच्या बसमध्ये दिव्यानी खिडकीला डोकं लावून झोपली होती. कुंता तिच्या नाकाशी बोट धरून बसली. श्वास येतो ना ते बघत, पूर्ण रस्ताभर.

पुढच्या खेपेला बाबूनं मशीनमध्ये पाहिलं. “तुमचा अर्ज कट झाला.”

“कोणं केला?”

“कोणं नाई केला बाई. झाला.”

आता सांगा, मला राग का येऊ नये? मी काय वारा आहे, आपोआप सुटायला? माझ्यामागं कोणाचंतरी बोट असतं. ते बोट टेबलाखाली लपवायचं आणि मला पुढं ढकलायचं. बाई बिचारी मला शिव्या देत घरी जाते. कुऱ्हाडीच्या काळात एवढी लबाडी नव्हती. आणि नाव खोडलं की बाबू पान खायला मोकळा, पण त्या नावामागं एक लेकरू धापा टाकत असतं, ते कोणी बघायचं?

सत्तावीसला सहा दिवस राहिले. त्या दिवशी शकुबाई म्हणाली, “मी बी येतो. पाहू दे मले तो बाबू.”

गुणवंतरावानं तिघींना पाहिलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाला, “असं करा, घरच्या मोठ्या माणसानं लिहून द्या, का दोन्ही नावं एकाच बाईचे हायेत. इथी उभं राहून सांगा, मी लिहितो.”

हे त्याला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण जाऊ द्या.

“लिवा,” शकुबाई म्हणाली. “माह्या सुनेचं नाव लग्नात बदलवलं.”

“आधीचं नाव काय होतं?”

शकुबाईचा पदर तोंडावर गेला. “म्हातारीचं होतं तेच,” ती पुटपुटली.

“म्हातारीचं काय होतं?”

लाईनमधून एक जण म्हणाला, “घे ना वो बाई नाव! म्हातारी का आता वरून खाली येते?” पुन्हा हशा.

कुंता पुढं झाली. “मी सांगतो ना भाऊ...”

“तुमी नाई. यांनीच सांगाव लागते.”

दिव्यानी खाली फरशीवर बसली होती. बसस्टँडपासून इथपर्यंत चालली तेवढ्यानंच तिचा गळ्याजवळचा खळगा आतबाहेर होत होता. शकुबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग वर छताकडं हात जोडले. “माफ कर वो माय,” म्हणाली. आणि बाबूच्या तोंडासमोर, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलली,

“कुंता! कुंता होतं तिचं नाव. कुंताची रीता म्या केली. आपोआप नाई झाली. म्या केली. लिवा अन् आना तो अंगठा कुठी लावाचा तो.”

कोणी हसलं नाही. इतक्या दिवसांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा कोणाला ‘म्या केली’ म्हणताना ऐकलं. तेही जिला आपलं नाव लिहिता येत नाही तिच्या तोंडून.

पाचव्या दिवशी मायलेकींची नावं कार्डावर चढली.

आज सत्तावीस तारीख. सकाळी डॉक्टरांनी दिव्यानीच्या छातीवर बोटानं एक रेघ दाखवली. “इथून एवढा कट घ्यावा लागेल.” कुंतानं पोरीला जवळ ओढलं. चार वर्षांत मी तिच्या वाट्याला नाव अन् अर्ज खोडायलाच आलो होतो, तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा? नर्सबाईनं कागद पुढं केला. सही कोण करणार, विचारलं.

“मी,” कुंता म्हणाली. आणि जुन्या, शाळेतल्या अक्षरात जुनंच नाव लिहिलं. पुढं कंसात नवं.

पलीकडच्या बाकावरून हाक आली, “कुंता! पोरीले पाणी नोको पाजजो, नर्सबाई म्हणून राह्यली!” शकुबाई स्वतःच दचकली. मग दचकलीच नाही असं दाखवत तिनं पिशवी आवरायला घेतली.

बाबांनो, बायांनो, मला वापरा. लाईन तोडा, केस कापा, माझी ना नाही. पण कोणाचं नाव खोडायला मला बोलावलंत, तर आधी आपलं नाव सांगा. तोंड वर करून सांगा. नाहीतर मला हात लावू नका.

आता दार लागतं आहे, मला आत जायचं आहे. माझ्यामागं एका डॉक्टरीणबाईचा हात आहे, हातमोजा घातलेला, अजिबात न हलणारा. तो मला चांगला दिसतो आहे. बाहेर बाकावर एक म्हातारी डोळे मिटून एकच नाव पुन्हापुन्हा घेते आहे. सुनेला धीर देते आहे की सासूला साकडं घालते आहे, ते तिलाच ठाऊक.