खिशातलं बूच

अउगुस्टिन डेटलाफने तपकिरीची डबी काढायला बंडीच्या खिशात हात घातला आणि हाताला लागलं बूच. पितळेचं, आट्यांचं, अंगठ्याएवढं. त्याने मान वर करून आभाळाकडे बघितलं.

सन अडतीसचा समुद्राचा सण. खाडीच्या काठी कशुबी कोळ्यांचा सगळा मुलूख लोटला होता. वर नौदलाची, पाण्यावर उतरणारी तीन विमानं गिरक्या घेत होती आणि मधल्या विमानात, मागच्या जागेवर, त्याचा एकुलता एक ब्रूनो बसला होता. बूच त्याच विमानाचं.

अउगुस्टिन आधी कोळी, आणि आता बारा वर्षं तळावर मेकॅनिक. या विमानांना चाकं नसतात, पोटाखाली होडीसारख्या दोन बंद पेट्या असतात. रोज सकाळी पेटीचं बूच काढायचं, आत झिरपलेलं पाणी सांडू द्यायचं, बूच परत पिळून बसवायचं. तोवर ते लाल चिंधीत बांधून वैमानिकापुढच्या दांड्याला लटकवायचं. चिंधी दिसली की विमान जागचं हलायचं नाही. पण आज बड्या लोकांची सरबराई! मुकादम लिगेन्झा सकाळीच कडाडला होता, "चिंध्या काढा त्या! विमानं आहेत का धोब्याची दोरी?"

म्हणून उजव्या पेटीचं बूच खिशात गेलं, मिनिटभरासाठी. तेवढ्यात पाद्रीबाबा विमानांवर पवित्र पाणी शिंपडत आले. सगळे टोप्या काढून गुडघ्यावर. अउगुस्टिननेही डोळे मिटून पोरासाठी प्रार्थना केली, अगदी मन लावून केली, आणि उठून बघतो तर विमानं पाण्यात ढकललेली. आता काय म्हणावं या माणसाला! बारा वर्षांत एकदा चुकला, तेही देवापुढे वाकताना.

"काय रे म्हाताऱ्या, भूत बघितलंस का?" शेजारून बायको म्हणाली. मार्ताने सणाचा नवा लाल रुमाल डोक्याला बांधला होता.

"काही नाही," तो म्हणाला आणि गर्दीत घुसला.

हवेत कसली भीती नव्हती. उतरून विमान थेट धक्क्यावर आलं असतं, तरी निभावलं असतं. पण तसं ठरलं नव्हतं. बड्या पाहुण्यांच्या मांडवासमोर पाण्यावर थांबायचं, इंजिन बंद करायचं, मग राष्ट्रगीत, मग भाषण, आणि मग ब्रूनोने पेटीवर उतरून बुडालेल्या कोळ्यांसाठी पाण्यात हार सोडायचा. गावचा पोरगा म्हणून मान त्याला. तेवढ्या वेळात उजवी पेटी काठोकाठ भरली असती.

आणि ब्रूनोला पोहता येत नव्हतं. त्या किनाऱ्यावर कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवतच नाहीत. बुडायचंच असेल तर पटकन सुटावं, तासभर तडफडत कशाला मरावं, असं तिथले बाप म्हणतात. पोराला पोहायला शिकव म्हणून मार्ता किती मागे लागली होती! नौदलाच्या परीक्षेत ब्रूनोच्या नावावर त्याचा एक मित्र पोहला, तेव्हा ती गंमत अउगुस्टिनने हसत हसत अर्ध्या गावाला सांगितली होती.

"मुकादम, मधल्याची उजवी पेटी उघडी आहे!" लिगेन्झाला गाठून त्याने बूच पुढे केलं.

लिगेन्झाचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्ता सांगतोस? मी काय शिट्टी मारू त्यांना?" विमानात बिनतारी यंत्र नव्हतं.

"बोट सोडा."

"बोट पाहुण्यांना घेऊन जहाजाकडे गेलीय. तुझ्या कोळ्यांच्या होड्या बघ, पताका लावून बंदरात बांधल्यात!"

अउगुस्टिन धावत परत आला. मार्ताच्या डोक्यावरचा रुमाल त्याने बूच धरलेल्या मुठीनेच ओढला आणि पाण्याच्या कडेला जाऊन हात दुखेपर्यंत हलवला. लाल म्हणजे थांबा, लाल म्हणजे बूच नाही, कळू दे रे देवा! लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पोराचं कौतुक आवरेना. हां हां म्हणता सगळा काठ रुमाल हलवायला लागला. विमान खाली आलं. ब्रूनोने बापाला ओळखलं आणि दोन्ही हात उंच करून हलवले.

"बघ, ओळखलं आपल्याला!" मार्ताचे डोळे भरून आले.

विमान पाण्यावर टेकलं. इंजिन बंद झालं. बँड सुरू झाला.

"परत फिर! ब्रूनो! इंजिन चालू करा!" अउगुस्टिन बेंबीच्या देठापासून ओरडला.

"डेटलाफ, राष्ट्रगीत चाललंय! लाज आहे का?" कोणीतरी त्याचा दंड धरला.

राष्ट्रगीत झालं, भाषण सुरू झालं. उजवा पंख खाली झुकत होता, आणि ते दोघांनाच दिसत होतं, अउगुस्टिनला काठावरून आणि लिगेन्झाला मुकादमाच्या जागेवरून. भाषण संपलं. ब्रूनो हार घेऊन उजव्या पेटीवर उतरला. पाणी त्याच्या बुटांवरून गेलं. त्याने खाली बघितलं, मग काठाकडे बघितलं. पंखाचं टोक पाण्याला लागलं आणि विमान सावकाश कुशीवर वळलं. बँडवाल्यांची पाठ समुद्राकडे होती. त्यांनी ठरल्याप्रमाणे शोकगीत सुरू केलं.

अउगुस्टिन पाण्यात धावला. छातीएवढ्या पाण्यात जाऊन थांबला. पुढे कसं जायचं हे त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. वैमानिक पोहत निघाला. होड्या सोडून आणायला वेळ लागला, आणि कोळ्यांनी ब्रूनोला वाळूवर आणून ठेवलं तेव्हा बँड केव्हाच थांबला होता.

मार्ताला पोराचं तोंड पुसायचं होतं. तिने नवऱ्याच्या मुठीतून रुमाल ओढला, तसं बूच वाळूत पडलं. तिने ते उचललं.

"हे काय आहे?"

"ब्रूनोच्या विमानाचं आहे," तो म्हणाला. "सकाळपासून माझ्याकडेच होतं."