ओनेझिम मामाची एकोणतीस घरटी

दलदलीतल्या रानमगरींचा प्रमुख म्हणून मी एकवीस वर्षं नोकरी केली. हाताखाली सहा माणसं, दोन होड्या, भाड्याचं एक हेलिकॉप्टर आणि काही लाख मगरी. यांपैकी मगरींनी माझ्याविरुद्ध वर कधी तक्रार केली नाही.

नातेवाइकांनी केल्या. लुइझियानाच्या आमच्या टोकाला जो भेटेल तो एकतर चुलतभाऊ असतो, नाहीतर चुलतभावाचा मेहुणा. गावात मला टी-गुस म्हणतात, म्हणजे धाकटा गुस. थोरला गुस, माझे वडील, जाऊन तीस वर्षं झाली. सरकारने बढती दिली, गावाने दिली नाही.

कामाची पद्धत सोपी होती. जुलैच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून घरटी मोजायची. ज्याच्या दलदलीत जितकी घरटी, त्या बेताने त्याला सप्टेंबरच्या शिकारीचे बिल्ले. मारलेल्या प्रत्येक मगरीच्या शेपटीला एक बिल्ला लावावा लागतो. बिल्ला नाही तर मगर नाही. आणि पाचाहून कमी घरटी निघाली तर ती दलदल त्या वर्षी बंद. कुणी म्हणेल, सरळ मगरीच का मोजत नाही? तर मगर मोजताना बुडी मारते आणि दुसरीकडे वर येऊन पुन्हा मोजून घेते. घरटं बिचारं आहे तिथे बसून राहतं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. पाणी ओसरलं, चिखलाला भेगा पडल्या. अशा वर्षी मगर अंडी घालायचं टाळते. तेवढा पोच तिला असतो. सगळीकडे घरटी निम्म्यावर आली होती. मी आणि हेलिकॉप्टर चालवणारी लिनेट असे मोजत मोजत माझ्या आईच्या धाकट्या भावाच्या, ओनेझिम मामाच्या दलदलीवर आलो. आदल्या वर्षी तिथे बारा होती.

"तेहतीस," लिनेट म्हणाली.

"पुन्हा मोज."

"दोनदा मोजली. साहेब, तुमच्या मामांकडे प्रसूतिगृह उघडलंय."

मी खाली वाकून पाहिलं. मगरीचं घरटं म्हणजे तोंडाने ओरबाडलेल्या गवताचा आणि चिखलाचा ढीग, आणि भोवती वेडीवाकडी उघडी पडलेली जमीन. तशी चार होती. उरलेली एकोणतीस दोन सरळ रांगांत, सारख्या अंतरावर उभी होती. प्रत्येकाभोवतीचं गवत गोल कापलेलं. कडा छाटलेल्या. त्या कडा मी ओळखत होतो. मामाच्या अंगणात प्रत्येक झाडाभोवती तशाच आहेत. मगर गवत उपटते. यंत्र लावून कापत नाही.

मामा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. बंदी उठून शिकार पुन्हा खुली झाल्यापासून हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याची होडी पाण्यात नाही, असं एकदाही झालं नव्हतं. हर्नियाचं ऑपरेशन त्याने यासाठी तीन वेळा पुढे ढकललं होतं. चार घरटी म्हणजे दलदल बंद, आणि दलदल बंद म्हणजे ती सकाळ घरात. हे मला माहीत होतं आणि त्याला तर पावसाने तोंड फिरवल्यापासूनच माहीत होतं.

रिवाज असा की संशय आला तर होडीने जाऊन घरटी उघडायची आणि मालकाला बरोबर घ्यायचं. चौथ्या दिवशी मी गेलो तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर उभा. हातात मामीने दिलेला गरम बुदँ सॉसेजचा पुडा.

"खा आधी," मामा म्हणाला. "भात आणि डुकराचं मटण आहे, लाच नाही."

आम्ही निघालो.

"यंदा मगरींनी मनावर घेतलंय," मामा म्हणाला.

"दिसतंय. रांगेत बसल्यात."

"शिस्त असते. चांगल्या घरच्या आहेत."

पहिल्या घरट्यात मी हात घातला. वर गवत, गवताखाली चिखल, चिखलाखाली भाताच्या पेंढ्याची गठडी.

"अंडी नाहीत, मामा."

"घालेल. घाई काय आहे?"

"सुतळी आहे."

"जूनमध्ये वारा फार होता," मामा म्हणाला. "काय काय उडून आलं."

दुसऱ्यात सुतळी. तिसऱ्यात सुतळी. मामा प्रत्येक ठिकाणी माझ्याइतकाच आश्चर्यचकित होत होता. सातव्यानंतर तो वैतागला. "तुला हातच घालता येत नाही," म्हणाला, आणि आठव्यात त्याने स्वतःच कोपरापर्यंत हात घातला.

त्याचा चेहरा बदलला.

"टी-गुस, इथे काहीतरी आहे."

"सुतळी."

"गरम आहे रे."

हात बाहेर आला तेव्हा त्यात एक पांढरं, लांबट अंडं होतं. मामा त्याच्याकडे असा बघत राहिला, की जणू ते त्यानेच घातलं होतं. तेवढ्यात मागच्या लव्हाळ्यातून ट्रकच्या टायरची हवा जावी तसा फुत्कार आला आणि सात फुटांची मादी बाहेर पडली. तयार घर मिळतंय म्हटल्यावर बाई राहायला आल्या होत्या.

मामाने मारलेली उडी मी आयुष्यात विसरणार नाही. ती मला होडीतूनच दिसली, कारण प्रमुखाने सगळ्यांच्या पुढे असावं या तत्त्वाला धरून मी आधीच होडीत पोचलो होतो.

मादी घरट्यावर चढली आणि जबडा उघडून बसली. मामाच्या हातात अजून अंडं होतं.

"उलटं करू नकोस!" मी ओरडलो. मगरीचं अंडं ज्या अंगावर घातलं त्याच अंगावर राहावं लागतं. उलटलं की आतलं पिल्लू गेलं.

"मला शिकवतोस? तू झबल्यात होतास तेव्हापासून मी अंडी बघतोय."

"वरची बाजू कुठली होती?"

"आता वर आहे तीच. मी काय गाढव आहे?"

पाऊण तास मामा होडीत हात पुढे करून पुतळ्यासारखा बसला. नाकावर माशी बसली तरी हलला नाही. शेवटी मी एका बाजूने वल्हं पुढे केलं. मादीने ते धरलं आणि सरकारी मालमत्तेचे दोन तुकडे केले. त्या मिनिटात मामाने पलीकडून वाकून अंडं जागेवर ठेवलं आणि त्यावर गवत सारखं केलं.

आम्ही होडी जरा मागे घेतली.

"चांगली आई आहे," मामा म्हणाला.

"घर कुणी बांधलं?"

"मी." मग कंबरेवर हात ठेवून, "सगळी मीच. कंबर गेली रे माझी. पण टी-गुस, पाच झाली की! चार ती आणि एक ही. तुझं पुस्तक पाच म्हणतं."

पुस्तक खरोखरच पाच म्हणत होतं. ढीग आणि त्यात अंडी म्हणजे घरटं, एवढंच त्यात लिहिलं होतं. ढीग कुणी रचला हे विचारायचं लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं, कारण तो आमच्या गावचा नव्हता. पुढचे तीन आठवडे मी नीट झोपलो नाही. मामाने मला पोहायला शिकवलं होतं.

ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बिल्ल्यांची यादी वाचायची सभा असते. त्या वर्षी बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. गोष्ट सगळीकडे गेली होती. लिनेटने कुणालाही सांगायचं नाही असं बजावून प्रत्येकाला सांगितली होती.

"ओनेझिमचं वाच आधी!" मागून कुणी ओरडलं. "ती पाच धरलीस तर मीही पेंढा घेऊन ठेवतो. माझ्याकडे दोन ट्रक आहे."

हशा झाला, पण हसणारे अर्धे लोक मनात पेंढ्याचा अंदाज बांधत होते, हे मला व्यासपीठावरून स्पष्ट दिसत होतं.

"ओनेझिम," मी वाचलं. "घरटी चार. दलदल यंदा बंद."

"आणि ती बाई? अंड्यांवर बसलेली?" मामा उभा राहिला.

"ती भाडेकरू आहे, मामा. यादीत धरली तर पुढच्या वर्षी मला मगरी सोडून गवंडी मोजावे लागतील."

मामाने टोपी काढली, तिच्यात पाहिलं आणि खाली बसला. कुणी हसलं नाही.

"पुढचं नाव वाच," युलाली मामी बसल्या जागेवरून म्हणाली.

पुढचं नाव तिचंच होतं. कालव्यापलीकडचा तुकडा तिच्या बापाने तिच्या नावावर केला होता. तिथलं पाणी खोल, आटत नाही. पेंढ्याच्या नादात मामाला तो आठवलाच नव्हता. "युलाली. घरटी सात. बिल्ले दोन."

मामा टुणकन उठला. "मग आहेत की बिल्ले! आपल्याकडे दोन बिल्ले आहेत!"

"माझ्याकडे आहेत," मामी म्हणाली.

"तेच ते, युला. दरवर्षी तू सही करतेस आणि मी—"

"दरवर्षी मी सही करते आणि तू मगरी मारतोस. यंदा मी मारणार. मला एक मदतनीस लागेल. कोंबडीचे तुकडे आकड्याला लावायचे, दोर ओढायचा, तोंड बंद ठेवायचं."

मामाने इकडेतिकडे पाहिलं.

"माझा अर्ज घे," तो म्हणाला.

"अनुभव काय?" कोपऱ्यातून आवाज.

"बांधकामाचा आहे!" दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर.

मामीने विचार करायला आठ दिवस मागून घेतले आणि आठही घेतले. मदतनिसाच्या परवान्यावर मीच सही केली. इतक्या आनंदाने मी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी गस्तीवर निघालो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. कालव्याच्या वळणावर मामाची होडी पाण्यात होती. मागे मामी, हातात सुकाणू, डोक्यावर नवी हॅट. पुढे मामा, चार दिवस उन्हात ठेवलेल्या कोंबडीच्या बादलीशी, अतिशय सुखी.

"काय म्हणतोस, मामा?" मी हळूच होडी लावली.

"हळू बोल. कॅप्टनला चालत नाही." तो माझ्याकडे वाकला. "टी-गुस, मला तिने हंगामी म्हणून घेतलंय. तू सरकारी माणूस. कायम व्हायला काय करावं लागतं?"

"साहेबाला सल्ला द्यायचा नाही."

मामा गंभीर झाला. आयुष्यभराची सवय डोळ्यांपुढून जात असावी. तेवढ्यात पुढचा दोर ताणला गेला आणि पाणी उसळलं.

"ओनेझिम! दोर!"

दोर डावीकडून धरावा असं मामाचं ठाम मत आहे. ते सांगायला त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि मामी म्हणाली त्या बाजूने दोर धरला.