चौघांचा डावा डोळा

मला अजून राग येतो, आणि तो यायलाच हवा.

माझ्या उजव्या डोळ्यासमोर खालून काळी सावली चढत होती. तरसालीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, थेंब लिहून दिले आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. सयाजीगंजच्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास तपासलं. त्या म्हणाल्या, आतला पडदा सुटतोय, याच आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल.

माझे सासरे मोहनराव. पाचामुखी परमेश्वर म्हणणारे. त्यांनी तरसालीच्या कागदाचा फोटो फोनवरून ओळखीच्या आणखी तीन डॉक्टरांना पाठवला, एक पादरा गावचे, दोन नात्यातले. तिघंही म्हणाले, थेंब चालू ठेवा. झालं! चार विरुद्ध एक. काही वांधा नाही म्हणत सासऱ्यांनी चहा मागितला. माझा नवरा सलील नंदीबैलासारखी मान हलवत होता. आणि मी, मूर्खासारखे पाच दिवस थेंब घातले.

सहाव्या दिवशी सावली बुबुळापर्यंत आल्यासारखी वाटली, तेव्हा मी ते निरोप स्वतः वाचले. तिघांनीही लिहिलं होतं, डावा डोळा. तरसालीच्या कागदावरही डावाच. अहो, माझा डावा डोळा ठणठणीत आहे! बावीस वर्षं गणिताचे पेपर तपासतेय मी. बरोबर उत्तर चार मुलांचं सारखं येतं. चूक सारखी आली की समजायचं, वही एकाचीच.

कागद सासऱ्यांपुढे आपटला.

"बाबा, ही चार मतं नाहीत. मत एकच आहे. बाकीच्यांनी उतरवून काढलंय."

एवढी शिकलेली माणसं उगाच लिहितील का, असं काहीतरी ते म्हणू लागले. मी थांबले नाही. रिक्षा केली आणि एकटी सयाजीगंजला गेले. सलील मागून स्कूटरवर आला, तोंड पाडून.

ऑपरेशन झालं. निम्मी नजर वाचली. पाच दिवस आधी आला असतात तर, एवढंच बाई म्हणाल्या आणि पट्टी बदलू लागल्या.

संध्याकाळी सासरे भेटायला आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. म्हणाले, सूनबाई, तुझ्या भल्यासाठीच सगळ्यांना विचारलं मी.

"सगळ्यांना विचारलंत, बाबा. मला काय दिसतंय, ते एकदा तरी विचारलंत?"